हवाली

कागद मी लिहिला, हे आधी सांगून टाकतो.
मोडीत, बोरूने, दहिवडीच्या छावणीत.
शाईत डिंक जास्त झाला होता, अक्षरं बोटाला येत होती.
साहेब त्याच्या भाषेत बोलला,
दुभाष्याने त्याचं हिंदुस्तानी केलं,
मी त्याचं मराठी केलं,
आणि हैबती नाईकाने ते ऐकलं
महिमानगडाच्या घेऱ्याच्या भाषेत.
ती आमच्यापैकी कुणालाच येत नव्हती.

साताऱ्यात तेव्हा गादी होती
आणि गादीशेजारी एक खुर्ची.
कुणी उठायचं, कुणी बसायचं, ते खुर्ची ठरवते
हे मुलखाला उमजायला वेळ लागला.
हैबतीला उमजलं होतं.
माणदेशचा गडी, ढग आणि माणूस
दोन्ही लांबून ओळखायचा.

सात वर्षं तो साहेबाच्या पागेतली घोडी सोडून न्यायचा,
त्याच सात वर्षांत साहेबाच्या डाकेला घाट दाखवायचा.
त्यांनी त्याला तांबडा डगला दिला, पितळी बटणांचा.
छावणीत तो घोंगडीवरून डगला घालायचा,
गडावर डगल्यावरून घोंगडी.
वैशाखात हे कसं सोसतोस,
एवढं त्याला विचारायचं राहून गेलं.

खंडोबाच्या ठाण्यापुढं भंडारा उधळून
कायदा त्यानेच केला होता:
घेऱ्यातलं रान जो परक्याला लिहून देईल
त्याची मान घरातल्याच हाताने उतरावी.
नव्वद कुऱ्हाडी तेव्हा जमिनीला टेकल्या.
एकही विसराळू नव्हती.

मग बारा पोरं धरली. साताऱ्यात, बेडीत.
त्यात भुजंगा, पाठचा भाऊ.

मसुद्यात शब्द होता 'हवाली'.
घेरा, रान, चौकी-पहारे, सरकारच्या हवाली.
नाईक म्हणाला, पुन्हा वाच.
वाचलं.
त्याचा चेहरा सैल झाला.
"आज्याकडं गडाचा हवाला हुता. आता ह्येंच्याकडं.
हवाला म्हंजी राखायचा, खायाचा न्हाई.
व्हय ना कारकून?"

मी बोरू टोकरत होतो.
दुभाष्या पानाला चुना लावत होता.
साहेबाला माशा छळत होत्या.
मी हो म्हणालो नाही.
नाही असंही म्हणालो नाही.
त्याने कुऱ्हाडीची निशाणी काढली,
पात्याला शाईचा ओघळ आला
आणि मी वाळू टाकली.

पोरं सुटली. भुजंगा घरी आला,
घोट्यावर दोन कडी, कातडीचीच.
आठ दिवस भावाच्या ताटात जेवला.
दरम्यान घेऱ्यात साखळ्या घेऊन माणसं मोजायला लागली,
करवंदीच्या जाळीलाही नंबर.

पुढचं मला ठकीने सांगितलं, त्याच्या बायकोने.
त्या रात्री कुत्री भुंकली नाहीत.
तो उठून बसला. म्हणाला, आपलीच हायती.
डगला घातलेलाच होता, थंडीमुळं;
तो काढला, घडी केली, खुंटीला लावला,
आणि नुसती घोंगडी घेऊन दारात गेला.
"म्होरं कोण हाय?"
"मी हाय, दादा."
"मग बरं झालं. घाई करू नगंस."

जप्तीची यादी करायला मलाच धाडलं.
घोंगडी एक, फाटकी.
जातं एक. शेळ्या नाहीत.
डगला एक, तांबडा, बटणं पाच.
साहेब म्हणाला, सहा असतात.

ठकी चुलीपाशी उकिडवी बसलेली.
मांडीवर नात, वर्षाचीही नसेल,
गळ्यात काळ्या दोऱ्यात पितळ,
तोंडात धरून चावत होती, नवे दात शिवशिवत असावेत.
ठकीने माझ्याकडे पाहिलं,
पदर पुढे घेतला नाही, लपवलं नाही.

मी लिहिलं, सहावं गहाळ.
आयुष्यभर जसं ऐकलं तसं उतरवलं,
आणि हा एकच शब्द
मी स्वतःच्या मनाने घातला.
उशिरा. आणि एका बटणासाठी.

पोर अजून चावत होती.
लाळेने ते पितळ चकाकत होतं.